द्रौपदी हसली होती का?

2020च्या टाळेबंदीत डीडी भारतीवर बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ पुन्हा लागलं, तेव्हा आमच्या घरी आई, मी आणि माझी कॉलेजात जाणारी भाची असं आमचं रोज एकत्र बघणं चालायचं. मयसभेचा भाग आला. फरशी समजून दुर्योधन पाण्यात पडला. वर उभी असलेली द्रौपदी खळखळून हसली आणि म्हणाली, ‘अंधे का पुत्र अंधा.’

आईनं मान हलवली. “एवढं एक वाक्य तिनं गिळलं असतं ना, तर पुढचं काही झालंच नसतं.”

“आजी, हे ती मूळ महाभारतात म्हणतच नाही,” भाची म्हणाली.

“अगं, लहानपणापासून ऐकतेय मी. कीर्तनात ऐकलंय.”

“मालिकावाल्यांनी घुसडलंय ते.”

त्या दिवशी जेवणं गार झाली, पण वाद मिटला नाही. नंतर माझ्या लक्षात आलं की पौराणिक मालिका बघणारे लोक जिथे जिथे जमतात तिथे हाच वाद थोड्याफार फरकानं चालू असतो. काहींच्या मते मालिकेनं ग्रंथाशी बेइमानी केली. काही म्हणतात, मालिका आहे, तेवढी मोकळीक घेणारच. आणि काहींचा राग असा की बाईवर खापर फोडायची संधी कुणी सोडत नाही. तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण आमच्या घरच्या वादात मला जे सुचलं नव्हतं आणि जे बहुतेक वादांतून निसटतं, ते वेगळंच आहे. ती हसली, हे आपल्याला सांगतो कोण?

सभापर्वात दुर्योधनाच्या फजितीची हकिकत दोनदा येते. पहिल्यांदा ती निवेदक सांगतो. राजसूय यज्ञ आटोपलाय, पाहुणे पांगलेत, कृष्णही द्वारकेला गेलाय. दुर्योधन आणि शकुनी तेवढे मागे राहून ती नवलाची सभा बघत हिंडतायत. स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून दुर्योधन वस्त्र वर धरतो, आणि पुढे खऱ्या पाण्याला जमीन समजून त्यात पडतो. भीम हसतो, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात, नोकरचाकर हसतात. युधिष्ठिराच्या आज्ञेवरून त्याला कोरडी वस्त्रं दिली जातात. या सांगण्यात द्रौपदी कुठेही नाही.

दुसऱ्यांदा तीच गोष्ट येते ती हस्तिनापुरात, दुर्योधनाच्या तोंडून. मत्सरानं त्याची झोप उडालीय आणि द्यूताला बापाची परवानगी हवीय. तो धृतराष्ट्राला म्हणतो की मी पडलो तेव्हा कृष्ण अर्जुनासह मोठ्यानं हसला, आणि द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसून माझं काळीज दुखवत होती. म्हणजे द्रौपदीचं हसणं महाभारतात आहे, पण ते फिर्यादीच्या जबानीत आहे. आणि ही जबानी पहिल्या हकिकतीशी जुळत नाही, कारण जो कृष्ण आधीच द्वारकेला गेला होता त्यालाही दुर्योधनानं हसणाऱ्यांत बसवलंय. आंधळ्या बापाचा उल्लेख करणारं ते वाक्य तर तो द्रौपदीच्या तोंडी या तक्रारीतसुद्धा घालत नाही. ते पुढच्या सांगणाऱ्यांनी जोडलं.

तेव्हा आई आणि भाची दोघी अर्ध्या बरोबर होत्या. मालिकावाल्यांनी हे शून्यातून आणलं नव्हतं. त्यांनी दुर्योधनाची बाजू उचलली, तिला लोकांत रुळलेलं वाक्य चिकटवलं आणि प्रत्यक्ष घडलेली घटना म्हणून दाखवलं.

मूळ म्हणजे कुठलं मूळ?

‘मूळ महाभारतात नाही’ असं आपण सहज म्हणतो. हे मूळ कुठे ठेवलंय? याचं उत्तर शोधायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे, 1917मध्ये स्थापन झालेलं. तिथे 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 1966मध्ये ते पूर्ण झालं. सत्तेचाळीस वर्षं. विष्णु सीताराम सुखटणकरांनी 1925पासून या कामाला शिस्त लावली आणि 1943मध्ये ते गेले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते तडीस नेलं. बाराशेहून जास्त हस्तलिखितं ओळीला ओळ लावून ताडली गेली. काश्मीरची शारदा लिपीतली, नेपाळची, बंगालची, दक्षिणेतली ‘ग्रंथ’ नावाच्या लिपीतली, तसंच तेलुगू, मल्याळम लिप्यांतली.

ही ताडणी कशी करतात हे घरगुती उदाहरणानं सांगते. समजा एका बाईच्या हातचा गोडा मसाला नावाजलेला होता. तिच्या पाच मुलींनी लग्नाआधी कृती आपापल्या वहीत उतरवून घेतली. आईची वही हरवली. एक मुलगी इंदूरला गेली, एक बेळगावला, एक नागपूरला, एक पणजीला, एक साताऱ्याला. प्रत्येकीनं आपल्या गावच्या चवीप्रमाणे वहीत भर घातली. आता नातीला आजीची कृती हवीय. ती पाची वह्या समोर ठेवते. दगडफूल पाचीत आहे, म्हणजे ते आजीचंच असणार. सुकं खोबरं जास्त घालायची सूचना फक्त पणजीच्या वहीत आहे, म्हणजे ती तिथे वाढली असणार. आणि इंदूर व बेळगाव या एकमेकींपासून लांबच्या, गाठभेट नसलेल्या वह्या एखाद्या गोष्टीवर शब्दशः जुळल्या, तर ती गोष्ट जुनी. भांडारकरांतल्या पंडितांनी मोठ्या प्रमाणावर हेच केलं. काश्मिरी आणि मल्याळी पोथ्या जुळल्या की तो पाठ पुरातन धरायचा. जे एखाद्याच शाखेत आढळतं ते फेकून द्यायचं नाही, तळटीपेत किंवा परिशिष्टात जपून ठेवायचं. म्हणून चिकित्सक आवृत्तीची पानं बघितली तर वर श्लोक कमी आणि खाली टिपा जास्त असं दिसतं. पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत राहिले होते.

अशा चाळणीतून द्रौपदीचे तीन गाजलेले प्रसंग गेले, आणि तिन्हींची रूपं बदलली.

स्वयंवरात कर्ण धनुष्याकडे जातो आणि द्रौपदी ‘मी सूताला वरणार नाही’ असं बजावते, हा प्रसंग काही पोथ्यांतच आहे. चिकित्सक आवृत्तीत तो वरच्या पाठात नाही. उलट, कर्ण, शल्य यांच्यासारख्या नामवंत धनुर्धरांनाही जे धनुष्य वाकवता आलं नाही, ते हा ब्राह्मण कसं वाकवणार, असं जमलेले लोक अर्जुनाबद्दल म्हणतात. कर्णाला ते जमलं नाही, एवढंच तिथे आहे.

वस्त्रहरणात द्रौपदी ‘गोविंद, द्वारकावासी’ म्हणून कृष्णाचा धावा करते, तोही वरच्या पाठात नाही. सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन संस्कृतज्ञांनी केलं. त्यांना जुन्या पाठात वस्त्रामागून वस्त्र निघत राहिलेलं दिसलं, पण ते कुणी पुरवलं याचा उल्लेख दिसला नाही. धावाही नाही आणि कृष्णाचं नावही नाही.

आणि दुःशासनाच्या रक्तानं माखल्याशिवाय केस बांधणार नाही, ही तिची प्रतिज्ञा? ती महाभारतात नाही. रक्त पिण्याची आणि मांडी फोडण्याची प्रतिज्ञा भीमाची आहे. मोकळ्या केसांची गोष्ट प्रसिद्ध झाली ती ‘वेणीसंहार’ या भट्टनारायणाच्या संस्कृत नाटकामुळे, आणि त्याला हजार-बाराशे वर्षं झाली.

मग आईनं कीर्तनात ऐकलेलं महाभारत कुठलं? आपल्याकडे छापलेली बहुतेक जुनी महाभारतं नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेसह येणाऱ्या पाठावर आधारलेली असतात. हे नीलकंठ सतराव्या शतकातले, घराणं गोदाकाठच्या कोपरगावचं, राहणं काशीत. ठिकठिकाणच्या पोथ्या गोळा करून त्यांनी पाठ तयार केला, आणि त्यात सूताला नकारही आहे आणि गोविंदाचा धावाही आहे. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणत आलो तो एका कोपरगावकर पंडितानं जपलेला, भर पडत आलेला पाठ होता. त्याला खोटा म्हणण्याचं कारण नाही. तीनशे वर्षं लोकांनी त्यातूनच महाभारत ऐकलंय.

कॅमेरा कुणाच्या बाजूनं बोलतो?

आता मालिकेकडे येते. पोथीतली गोष्ट पडद्यावर नेताना प्रसंग गाळतात, जोडतात, दोन पात्रांचं एक करतात, हे सगळ्यांना दिसतं आणि वाद त्यावरच होतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो न दिसणारा बदल. सांगणारा नाहीसा होतो.

महाभारत एकमेकांत बसवलेल्या डब्यांसारखं आहे. सौती नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगतो. त्यानं ते ऐकलंय जनमेजयाच्या सर्पसत्रात, तिथे वैशंपायन सांगत होता. वैशंपायनाला ते मिळालं व्यासांकडून. युद्ध आपण बघतो ते संजयाच्या डोळ्यांनी, आणि तो सांगतो एका आंधळ्या बापाला, ज्याचे मुलगे त्या युद्धात मरतायत. प्रत्येक डब्यावर नाव आहे. वाचताना आपल्याला कळत असतं की हे अमक्याचं म्हणणं आहे.

चोप्रांच्या मालिकेत हे सगळे डबे बाजूला ठेवून एकच सांगणारा आणला, समय. हरीश भिमाणींचा तो आवाज ज्यांनी ऐकलाय ते विसरणार नाहीत. राही मासूम रझांसारख्या लेखकाची ही मोठी सूझ होती, कारण हिंदू, मुसलमान, शहरी, खेडूत, सगळ्यांना एका आवाजानं बांधता आलं. 2 ऑक्टोबर 1988 ते 24 जून 1990, 94 भाग, रविवारची सकाळ. आमच्या गल्लीत त्या वेळी सायकलसुद्धा जात नसे. पण काळ सर्वसाक्षी असतो. तो ऐकीव सांगत नाही आणि तो खोटंही बोलत नाही. त्याच्या साक्षीनं द्रौपदी हसली की ती हसलीच. दुर्योधनाची तक्रार समयाच्या दप्तरात वस्तुस्थिती म्हणून नोंदली गेली.

कॅमेऱ्याचंही तसंच आहे. ‘तो म्हणाला की ती हसली’ हे वाक्य लिहायला सोपं आहे. दाखवायचं म्हटलं तर हसणारी बाई दाखवावी लागते, आणि एकदा ती डोळ्यांनी पाहिली की ‘तो म्हणाला’ हा भाग बघणाऱ्याच्या मनातून पुसला जातो. दिग्दर्शकाच्या मनात बाईबद्दल आकस असेलच असं नाही. माध्यमाचा स्वभावच असा आहे. तो ओळखून दुर्योधनाचं बोलणं दुर्योधनाचंच ठेवायचं, तर खास कसब लागतं. प्रसंग आधी तटस्थपणे दाखवायचा आणि मग हस्तिनापुरात तो सांगताना त्याच्या आठवणीतला वेगळा दाखवायचा. गुन्हेशोधाच्या मालिका हे सर्रास करतात. एकच रात्र तीन साक्षीदारांच्या तोंडून तीन तऱ्हांनी दिसते आणि आपण गोंधळत नाही. पौराणिक मालिकेत हे का होऊ नये, असं मला खरंच वाटतं. ग्रंथानं तर ती सोय आयती करून ठेवलीय.

याचा परिणाम बाईच्या पात्रावर जास्त होतो, त्याला कारण आहे. महायुद्धासारख्या गोष्टीला शेकडो कारणं असतात. जमिनीची वाटणी, वारसाहक्काचा घोळ, शकुनीचे फासे, भीष्माचं गप्प राहणं. मालिकेला दर आठवड्याला एक ठसठशीत कारण हवं असतं, चेहरा असलेलं, एका क्षणात मावणारं. हसणाऱ्या बाईचा चेहरा त्यात चपखल बसतो. मग अठरा अक्षौहिणींचा हिशोब एका हसण्यावर येऊन थांबतो, आणि माझ्या आईसारखी शहाणी, आयुष्यभर नोकरी केलेली बाई म्हणते की तिनं एक वाक्य गिळायला हवं होतं.

तिचं बोलणं कुठे गेलं?

जोडलेल्या वाक्यांवर आपण हिरिरीनं भांडतो. गाळलेल्यांवर कुणी भांडत नाही, कारण ती कुणाला आठवतच नाहीत. माझं खरं दुःख तिथे आहे.

न्याय म्हणून आधी एक सांगितलं पाहिजे. द्यूतसभेत द्रौपदीनं विचारलेला प्रश्न चोप्रांच्या मालिकेनं टाकला नाही. तिला आणायला आलेल्या प्रातिकामीला ती परत पाठवते की जा, त्या जुगाऱ्याला विचार, आधी स्वतःला हरलास की मला? स्वतःला हरलेला माणूस दास झाला, मग दासाला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क उरतो का? हा कायद्याचा मुद्दा आहे आणि सभेतल्या एकालाही त्याचं उत्तर देता येत नाही. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे. धृतराष्ट्राच्या मुलांपैकी विकर्ण तेवढा तिच्या बाजूनं उभा राहतो. रूपा गांगुलींनी भरसभेत एकेकासमोर जाऊन जाब विचारला, तो ज्यांनी पाहिलाय त्यांच्या अंगावर आजही काटा येतो. रझांची लेखणी आणि त्या अभिनेत्रीचा आवाज, दोन्हींना दाद द्यायलाच हवी.

पण महाभारतातली द्रौपदी सभेनंतर गप्प बसत नाही. वनपर्वात ती युधिष्ठिराशी जो वाद घालते तो कितीतरी अध्याय चालतो. ती प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद सांगते. नातू आजोबांना विचारतो, क्षमा मोठी की तेज? प्रल्हाद म्हणतो, ‘न श्रेयः सततं तेजो न नित्यं श्रेयसी क्षमा’, सदा सर्वदा तेज बरं नाही आणि सदा सर्वदा क्षमाही बरी नाही. मग नेहमी क्षमा करणाऱ्याचं काय होतं याची ती यादीच देते. नोकर त्याला जुमानत नाहीत, त्याच्या वस्तू पळवतात, त्याचा अपमान करतात. ती आणखी पुढे जाते. विधाता माणसांना लाकडी बाहुल्यांसारखा नाचवतो, असं म्हणते. धर्मानं वागणारा वनात आणि अधर्मी सिंहासनावर, हा कसला न्याय, असं विचारते. युधिष्ठिर कबूल करतो की तुझं बोलणं गोड आणि देखणं आहे, पण हे नास्तिकाचं बोलणं आहे. आणि हे सगळं शिकली कुठे, तेही ती सांगते. बापाच्या घरी एक विद्वान ब्राह्मण भावांना बृहस्पतीची नीती शिकवायचा, तेव्हा मी बाबांच्या मांडीवर बसून ऐकत असे.

बापाच्या मांडीवर बसून राजनीती ऐकणारी मुलगी. मालिकेत हे दृश्य घालायला किती खर्च आला असता?

आणखी एक सांगते. सत्यभामा तिला विचारते की पाच नवऱ्यांना तू मुठीत कसं ठेवतेस, जादूटोणा की जडीबुटी? द्रौपदीचं उत्तर आजच्या वाचकाला ठिकठिकाणी खटकेल, पतिसेवेचं कौतुक त्यात भरपूर आहे. पण त्याच उत्तरात ती सांगते की पांडवांच्या खजिन्याचा जमाखर्च एकटी मी जाणत होते, महालातल्या दासींची नावं, कामं, सगळं मला ठाऊक होतं. इंद्रप्रस्थाची अर्थव्यवस्था तिच्या हातात होती.

युद्ध टाळायला कृष्ण शिष्टाईला निघतो, तेव्हाचा प्रसंग घ्या. भीमसुद्धा शांततेची भाषा बोलायला लागलाय. द्रौपदी डाव्या हातात आपले केस धरून कृष्णासमोर येते आणि म्हणते की तहाची बोलणी करशील तेव्हा दुःशासनानं ओढलेले हे केस आठव. भीम-अर्जुनाला लढायचं नसेल तर माझा म्हातारा बाप लढेल, माझे भाऊ लढतील, अभिमन्यूला पुढे करून माझे पाच मुलगे लढतील. इथे ते केस पुरावा म्हणून पुढे आलेत, वकिलानं न्यायालयात वस्तू दाखवावी तसे. ‘वेणीसंहार’पासून पुढे त्या केसांचं व्रत झालं, आणि व्रत पडद्यावर छान दिसतं. पुरावा दाखवायला मात्र युक्तिवादही दाखवावा लागतो.

युक्तिवाद गाळले जातात आणि विटंबना ठेवली जाते, कारण विटंबना हे दृश्य आहे आणि युक्तिवाद नुसतं बोलणं. त्यामुळे पडद्यावरची द्रौपदी एक तर अपमान करते किंवा अपमान सोसते. विचार करताना ती क्वचितच दिसते. रूपांतरात बाईच्या पात्राचं काय झालं हे तपासायचं असेल तर मी हल्ली एवढंच बघते की जे जोडलं त्यानं तिला डोकं दिलं की दोष दिला, आणि जे गाळलं त्यात तिचं काय गेलं.

कर्णावरचं आपलं प्रेम

मराठी घरांतला वाद थोडा वेगळ्या रंगाचा असतो, आणि त्याची मुळं मालिकेच्या आधीची आहेत. आपली एक अख्खी पिढी ‘मृत्युंजय’ वाचत मोठी झाली. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967ची. रणजित देसाईंची ‘राधेय’ आली 1973मध्ये. कर्णाच्या दुःखानं मीसुद्धा उशा भिजवल्यात, त्या प्रेमाला मी नावं ठेवणार नाही. पण ‘मृत्युंजय’मध्ये कोण कोण बोलतं ते आठवा. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. द्रौपदीला तिथे स्वतःचं प्रकरण नाही. ज्याला आपण आतून ओळखतो त्याचा अपमान आपल्याला लागतो, आणि अपमान करणारी बाहेरच राहते. टीव्हीवर पुढे ‘सूर्यपुत्र कर्ण’ आली, ‘कर्णसंगिनी’ आली. नायक बदलला की त्याच स्वयंवरातली तीच मुलगी गर्विष्ठ दिसायला लागते. उडिया लेखिका प्रतिभा राय यांनी ‘याज्ञसेनी’त द्रौपदीलाच सांगायला बसवलं, तेव्हा तोल दुसऱ्या बाजूला गेला.

‘मृत्युंजय’ आली त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही आलं. इरावतीबाईंनी द्रौपदीकडे भक्तिभावानं पाहिलं नाही. भरसभेत धर्मशास्त्राचा काथ्याकूट करणं ही तिची चूक झाली, असं त्यांनी लिहिलं. मला ते पटत नाही. तिला दुसरं शस्त्र कुठलं होतं? पण लेखाच्या शेवटी, हिमालयात पडलेल्या द्रौपदीजवळ त्या भीमाला आणतात आणि महाभारतात नसलेला एक हळवा क्षण स्वतः रचतात. कुणी म्हणेल, चिकित्सक आवृत्तीचा आधार घेणाऱ्या विदुषीनं असं करावं? मी म्हणेन, त्यांनी ते हे माझं आहे असं ठेवून केलं. वाचणाऱ्याला कळतं की इथे व्यास थांबले आणि इरावतीबाई सुरू झाल्या.

म्हणूनच ‘चिकित्सक आवृत्तीत नाही’ हे वाक्य मी भाचीला काठीसारखं वापरू देत नाही. ती आवृत्ती हातात असलेल्या पोथ्यांवरून जितकं मागे जाता येतं तितकं मागे नेते. व्यासांच्या हातचं पान ती नव्हे, आणि संपादकांनी तसा दावाही केला नाही. शिवाय जोडलेलं सगळं बाईच्या विरोधातच असतं असंही नाही. विठ्ठल उमपांनी गाजवलेल्या ‘जांभूळ आख्याना’त द्रौपदीच्या मनात कर्ण भरतो. कुठल्याही पोथीपेक्षा त्या आख्यानातली द्रौपदी मोकळी आहे, तिला इच्छा आहे. ‘श्यामची आई’ चित्रपटातलं भरजरी पितांबराचं गाणं ज्या चिंधीच्या गोष्टीवर उभं आहे, ती चिंधीही चिकित्सक आवृत्तीत सापडायची नाही, पण बहीणभावाचं नातं त्या चिंधीनं किती घरांत विणलंय. खाडिलकरांनी 1907मध्ये ‘कीचकवध’ लिहिलं, तेव्हा सैरंध्री, अज्ञातवासातली द्रौपदी, म्हणजे पारतंत्र्यातला देश आणि कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही. इंग्रज सरकारलाही ते कळलं आणि 1910मध्ये नाटकावर बंदी आली. संतांच्या अभंगांत तिची हाक ऐकून देव धावतो. त्या हाकेत रात्री-अपरात्री कितीतरी बायकांनी आपला आवाज मिसळलाय. एजर्टनसाहेबांच्या तळटीपेनं तो खोटा ठरत नाही.

2013मध्ये स्टार प्लसवर नवं महाभारत आलं, 267 भागांचं. पूजा शर्मांची द्रौपदी आणि कृष्ण यांच्या मैत्रीला त्यात ऐसपैस जागा मिळाली, सखा-सखी हे नातं नव्या पिढीला त्यातून कळलं. माझ्या भाचीची द्रौपदी ती आहे, आईची रूपा गांगुलींची. दोघी आपापल्या द्रौपदीसाठी भांडतात, हे मला आता कळतं.

त्या उन्हाळ्यात मी सभापर्वाचं भाषांतर काढलं आणि रोज संध्याकाळी थोडं थोडं मोठ्यानं वाचायला लागले. दुर्योधनाच्या दोन हकिकती एकापाठोपाठ वाचल्या तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मी इतकी वर्षं दुर्योधनाचं ऐकत होते.” आणि थोड्या वेळानं, “पुढे वाच.”

पुढे वस्त्रहरण होतं. त्याच्याही पुढचा भाग आम्ही तिघींनी पहिल्यांदाच नीट ऐकला. घाबरलेला धृतराष्ट्र द्रौपदीला वर माग म्हणतो. पहिल्या वरानं ती युधिष्ठिराला दास्यातून सोडवते, माझ्या मुलाला, प्रतिविंध्याला, कुणी दासपुत्र म्हणू नये म्हणून. दुसऱ्या वरानं उरलेले चौघं, रथांसह आणि धनुष्यांसह. धृतराष्ट्र म्हणतो, तिसरा माग. ती नाही म्हणते. लोभानं धर्म बुडतो, क्षत्रिय स्त्रीला दोनच वर सांगितलेत, आणि माझे पती सुटले आहेत, बाकीचं ते आपल्या कर्तृत्वानं मिळवतील. स्वतःसाठी ती काहीच मागत नाही.

तेव्हा सभेत एक जण बोलतो. रूपासाठी नावाजलेल्या बायका पुष्कळ ऐकल्या, पण असं कृत्य केलेली कुणी ऐकली नाही, असं तो म्हणतो. ठाव नसलेल्या पाण्यात पांडव बुडत होते, ही पांचाली त्यांची नाव झाली आणि त्यांना पैलतीराला घेऊन गेली. एका बाईनं तारलं हे ऐकून भीमाचा संताप होतो.

“कोण म्हणतं हे? विदुर?” आईनं विचारलं.

मी पान तिच्यापुढे धरलं. ते कर्ण म्हणतो.